राखणीची पेंढी

जर्व्हेस ऑर्टनला वाईट म्हणायला हॉक्सलो गावात कुणाची जीभ रेटत नसे. तीच तर पंचाईत होती. वाईट असता तर लोकांनी एकदा पोटभर शिव्या घातल्या असत्या आणि मोकळे झाले असते. पण हा पडला गोड माणूस. घोड्यावरून जाता जाता कुंपणापलीकडच्या म्हातारीला तिच्या गुडघ्याची खबरबात विचारणारा. न्यायासनावर बसला तर ससा चोरणाऱ्याला दोन शब्द सुनावून, वर खिशातला शिलिंग देऊन घरी धाडणारा. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नसे. "बघतो ना! मी आहे ना!" असं म्हणायचा, आणि म्हणताना ते त्याला अगदी मनापासून खरं वाटायचं. वकील होता, जमीनदार होता, पुढे पार्लमेंटातही गेला. पण गावाला तो आठवतो तो त्या 'मी आहे ना'पायी.

त्याच्या जन्मानंतर त्याची आई अंथरुणाला खिळली, म्हणून फिंच गाडीवानाच्या बायकोनं त्याला अंगावर पाजलं. तिची स्वतःची मुलगी त्याच्याच वयाची, केझाया. एका दुधावर वाढलेली ही दोघं. पुढे त्याला लॅटिन शिकवायला मास्तर आला आणि तिच्या हातात पाखरं हाकलायची खुळखुळी आली. तरी सुगी आली की जर्व्हेस मागच्या दारानं पसार व्हायचा आणि केझायाच्या मागोमाग सरवा वेचायला जायचा.

गव्हाच्या गाड्या भरून गेल्या की जमिनीवर गळलेल्या ओंब्या, म्हणजे सरवा, गावातल्या गरीब बायकांचा. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. आमच्या सफोक परगण्यात ते पाऊसपाण्यासारखं चालत आलेलं होतं. नियम एकच. शेताच्या मधोमध राखणीची एक पेंढी उभी ठेवायची. ती उभी आहे तोवर मालकाचं आवरलेलं नाही, कुणी फाटक ओलांडायचं नाही. मालकानं ती उचलली आणि चर्चची घंटा वाजली की बायका आत. नियम सांभाळायला बायका आपल्यातलीच एक राणी निवडत. आगाऊपणा करून कुणी आधी घुसली, तर राणी तिचा एप्रन सगळ्यांसमोर झाडून घेई आणि ओंब्या वाटून टाकी. त्या वेळी राणी होती केझायाची आई.

एकदा सात-आठ वर्षांचा जर्व्हेस फाटकाखालून सरपटत आत शिरला, तर केझायानं त्याचा कान धरून मागे ओढला.

"थांब जर्व्ही! पेंढी उभी आहे, दिसत नाही?"

"शेत आमचं आहे!" तो रडवेला होऊन ओरडला.

"असू दे की. पेंढीही तुमचीच आहे. तरी थांबायचं."

ही गोष्ट तो पुढे लंडनमधल्या जेवणावळींत रंगवून सांगायचा. लोक हसायचे आणि तोही हसायचा. नकळत कानाला हात मात्र लावायचा.

वकील म्हणून त्याचं नाव झालं ते एका खटल्यानं, आणि तो खटलाही सरव्याचाच निघाला. शेजारच्या परगण्यातल्या एका बड्या शेतकऱ्यानं वेचणाऱ्या बाईला शेतातून हुसकावलं, बाई इरेला पेटली, प्रकरण लंडनपर्यंत गेलं. शेतकऱ्याचं वकीलपत्र ऑर्टनकडे आलं. वकील काही पक्षकाराचं तोंड बघून काम घेत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुपारभर बोलला, आणि काय बोलला म्हणता! न्यायाधीशांनी निकाल दिला की सरवा हा कुणाचा हक्क नव्हे, ती मालकाची मर्जी. मर्जीशिवाय आत पाऊल टाकणारा चोर. निकालानंतर एका मोठ्या लॉर्डसाहेबांनी ऑर्टनच्या खांद्यावर हात ठेवला. असा माणूस पार्लमेंटात हवा, म्हणाले.

ऑर्टन गावी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. रविवारी प्रार्थना आटोपून लोक चर्चच्या अंगणात उभे होते, तिथं केझाया त्याच्या समोर येऊन ठाकली. आता राणी तीच होती. नवरा वारलेला, मुलगा पलटणीत गेला तो परतलाच नाही, घरात सून डॉर्कस आणि तिची तीन कच्चीबच्ची. सरव्याचं पीठ या घराला थंडी सरेपर्यंत पुरायचं. तेवढाच त्यांचा आधार.

"धाकटे मालक," ती म्हणाली. त्याचा बाप जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, डोक्यावरचे केस पांढरे होत आले होते, तरी तिच्या तोंडी तो धाकटे मालकच होता. "ऐकते ते खरं का? कोर्टात उभं राहून आम्हाला चोर ठरवलंत म्हणे."

"छे गं! चोर कोण म्हणालं तुला? तो कायद्याचा मुद्दा होता."

"मुद्दाबिद्दा मला कळत नाही. एवढंच सांगा, काल जे माझं होतं ते आज माझं आहे का?"

आता याला एका शब्दाचं उत्तर होतं, आणि ते ऑर्टनला ठाऊक होतं. पण चारचौघांत दूधबहिणीला तो शब्द ऐकवायचा? तो मोठ्यानं हसला.

"अगं, हॉक्सलोत तुला कोण अडवणार? मी आहे ना!"

"तुम्ही आहात तोवर."

हे त्याला लागलं. मग त्यानं टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐका रे सगळे! आजपासून माझ्या मोठ्या शेतातली पेंढी दरवर्षी मी उचलीन, या हातानं. दुसऱ्या कुणी तिला बोट लावायचं नाही. माझ्या हाताहून पक्कं आणखी काय हवं तुला, केझाया?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांचेही डोळे भरून आले. केझाया तेवढी म्हणाली, "उचला म्हणजे झालं. आणि वेळेवर."

त्यानं उचलली, कबूल केलं पाहिजे. काही वर्षं नेमानं उचलली. अंगातला कोट काढून शेताच्या मध्यापर्यंत चालत जायचा, पेंढी खांद्यावर टाकायचा आणि ती केझायाच्या पायाशी आणून ठेवायचा. मग बायकांबरोबर पातळ बिअरचा एक घोट. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे सुख असे, ते खटला जिंकल्यावरही नसे. ढोंग नव्हतं ते. पण पूर्वी पेंढी उचलायला कारभारी चालायचा, त्याची बायको चालायची, कुणीही चालायचं. आता ऑर्टनच लागायचा. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. केझायाच्या आली होती.

त्या साली गहू उत्तम आला. मोठ्या शेतातली शेवटची गाडी निघाली, मधोमध पेंढी उभी राहिली, आणि त्याच दिवशी निरोप आला की ब्रॅमवेल शहराचे पार्लमेंटातले सभासद जेवता जेवता वारले. जागा रिकामी झाली. लॉर्डसाहेबांनी बोलावलंय, ताबडतोब.

"दोन दिवसांत येतो," घोड्यावर चढता चढता ऑर्टननं कारभारी स्क्रिव्हनला बजावलं. "पेंढीला हात लावू नकोस हं."

"नाही मालक."

आमच्याकडची निवडणूक म्हणजे काय सांगावं! मतदार एकेक करून मंचावर चढणार, सगळ्यांदेखत नाव पुकारून मत देणार, खाली उभे असलेले आपला असेल तर जयजयकार करणार आणि परका असेल तर कोबीचे गड्डे फेकणार. खानावळींत दोन्ही पक्षांची बिअर नि भाजलेलं मांस फुकट, त्यामुळे मत देऊन लवकर घरी जायची घाई कुणालाच नाही. दोन दिवसांचं काम लांबतच गेलं. त्यात समोरचा उमेदवार नेव्हिल पक्का बेरकी. त्याच्या माणसांनी काठीला वेचणाऱ्या बाईचा रिकामा एप्रन बांधला आणि तो ऑर्टनच्या नाकासमोर नाचवायला सुरुवात केली. "ओंबीचोर! ओंबीचोर!" सगळा चौक ओरडायला लागला.

ऑर्टनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो मंचाच्या कडेशी आला. "मी ओंबीचोर? हॉक्सलोला चला माझ्याबरोबर! मोजणी झाली की सगळ्यांना घेऊन जातो. बघा आपल्या डोळ्यांनी, गरिबांसाठी पेंढी कोण उचलतो ते! माझी वाट बघत उभी आहे ती!"

चौकात टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. त्या दिवसापासून त्याची मतं वाढायला लागली. लॉर्डसाहेबांचा निवडणुकीचा माणूस क्रेल त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "वा साहेब! ही पेंढी आपल्याला पार्लमेंटात नेणार!"

पुढच्या दिवशी ऑर्टन खानावळीत मानकऱ्यांबरोबर जेवायला बसला होता, तेव्हा हॉक्सलोचा गाडीवान घामाघूम होऊन दारात आला.

"मालक, वारा फिरलाय. आभाळ भरून आलंय. कारभारी विचारतात, पेंढी उचलू का? बायका फाटकाशी बसून आहेत."

ऑर्टन उठला. हे खरं आहे. नॅपकिन टेबलावर टाकून तो खुर्चीवरून उठला, 'घोडा आणा' हे शब्द त्याच्या तोंडापर्यंत आले होते. क्रेलनं त्याची बाही धरली.

"आता गेलात तर नेव्हिल म्हणेल, पळाला."

"मग कारभाऱ्याला उचलू दे. बायका खोळंबल्यात."

"आणि लोकांना काय दाखवणार? मोकळं शेत?" क्रेल हसला. "एका दिवसानं काय बिघडतंय, साहेब!"

सगळे मानकरी त्याच्याकडे बघत होते. समोर बदकाचं मांस गार होत होतं. ऑर्टन उभा राहिला, उभाच राहिला, आणि मग बसला.

"सांग त्यांना," तो गाडीवानाला म्हणाला, "मी उद्या येतो. तोवर कुणी हात लावू नका. मी आहे ना!"

पाऊस त्याच संध्याकाळी सुरू झाला. साधासुधा नव्हे, कोमट, संततधार. उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा. नेव्हिल शेवटचा मतदार संपेपर्यंत हटला नाही. ऑर्टन जिंकला. त्याला खुर्चीत बसवून, निळ्या फिती लावून, खांद्यावर घेऊन मिरवलं. त्याच दुपारी ऊन पडलं, आणि बग्ग्या, ताशे, पिपाण्या असा सगळा लवाजमा हॉक्सलोकडे निघाला.

गावाच्या शिवेवर स्क्रिव्हन टोपी हातात घेऊन उभा होता. ऑर्टननं त्याला बग्गीत वर घेतलं.

"काय रे, तोंड का असं? जिंकलो की आपण!"

"अभिनंदन मालक." स्क्रिव्हन म्हणाला, "पण मालक... बायका आत गेल्या नाहीत."

"म्हणजे?"

"पाऊस लागायच्या आधी मी स्वतः जाऊन सांगितलं. म्हटलं, केझाया, जा गं आत, मी तिकडे तोंड करून उभा राहतो. तर म्हणाली, तू तिकडे बघशील, कायदा कुठे बघेल? पेंढी उभी असताना पाय टाकला तर आम्ही चोर, आणि हे कोर्टात कुणी ठरवलं ते तुला माहीत आहे. डॉर्कस तिच्या पाया पडली, मालक. म्हणाली, सासूबाई, पोरांकडे बघा. दोघीतिघी तर फाटकावर चढल्या होत्या. हिनं त्यांना खाली ओढलं. म्हणाली, त्यांनी शब्द दिलाय. ते येतील. उद्या येतो म्हणालेत ना, मग येतील."

"मग तू का नाही उचललीस, गाढवा?"

"तुम्हीच नको म्हणालात, मालक. दोनदा."

बग्गी वळवावी असं ऑर्टनला वाटलं, पण मागं वीस बग्ग्या होत्या आणि पुढं ताशा वाजत होता.

बायका फाटकाशी उभ्या होत्या. सगळ्यांच्या घागऱ्यांना चिखल लागला होता. शेत काळं पडलं होतं. मधोमध पेंढी भिजून वाकली होती, पण उभी होती. मानकरी बग्ग्यांमधून माना उंचावून बघायला लागले. "चला साहेब!" क्रेल म्हणाला. ऑर्टननं कोट काढला. चिखल तुडवत मध्यापर्यंत गेला, पेंढी उचलली, खांद्यावर टाकली. वास आला, कुजका. चर्चची घंटा वाजली. बग्ग्यांमधून टाळ्या झाल्या.

एकही बाई हलली नाही.

मग केझाया एकटीच आत आली. वाकली, एक ओंबी उचलली, तळहातावर चोळली. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. तिनं त्याचा हात उलटा केला आणि ते दाणे त्याच्या तळव्यावर ठेवले.

"घ्या साहेब," ती म्हणाली. "तुमचंच आहे."

धाकटे मालक नव्हे. साहेब. कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं, असं त्याला झालं.

त्याच आठवड्यात त्यानं घरोघर पिठाची पोती धाडली. बायकांनी घेतली, पोरं उपाशी असताना कोण नाही म्हणणार? केझायाचं पोतं न उघडता परत आलं. तो तणतणत तिच्या दारात गेला.

"हट्ट सोड, केझाया! पीठ ते पीठ."

"नाही साहेब. ते आमच्या वाकलेल्या पाठीचं असायचं. हे तुमच्या मर्जीचं."

"मी उठलो होतो गं! शपथ सांगतो. निरोप आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो!"

"मग बसलात कशाला?" तिनं विचारलं. रागानं नव्हे, खरोखर न कळल्यासारखं. तो टोपी घालून परत आला.

बायकांनी केझायाला माफ केलं नाही. मालकावर रागावून काय होणार, तो पीठ देतो. राग निघाला तो राणीवर. हिच्या नियमापायी आपला सरवा कुजला, असं त्या विहिरीवर, गिरणीवर, चर्चच्या पायरीवर बोलायला लागल्या. पुढच्या साली कुणी राणी निवडलीच नाही. पहिल्याच हिवाळ्यात डॉर्कस पोरांना घेऊन गावानं चालवलेल्या अनाथ-गरिबांच्या घरी राहायला गेली, तिथं धाकटं पोर खोकल्यानं गेलं, आणि शेवटी केझायालाही तिथंच जावं लागलं. दुसऱ्या गावच्या शेतकऱ्यांनी तर तो निकाल आधीच पाठ केला होता. गाड्या निघाल्या की ते डुकरं सोडायला लागले.

ऑर्टन पार्लमेंटात बरीच वर्षं होता. सरवा हा गरिबांचा हक्क आहे असा कायदा आणायचा, हे त्यानं जाताना मनाशी ठरवलं होतं. एकदा उभाही राहिला. पण जेवणाची वेळ झाली होती, बाकं रिकामी होत होती, कुणीतरी खोकलं, आणि विरोधी बाकांवरून एकजण म्हणाला, "सन्माननीय सभासदांनी याच्या बरोबर उलटं भाषण केलेलं आम्ही ऐकलंय, आणि ते फार छान होतं!" सभागृह खदखदून हसलं. ऑर्टनही हसला, सवयीनं. आणि खाली बसला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. जन्मभर तो असाच उठत राहिला आणि बसत राहिला.

म्हातारपणी तो हॉक्सलोला परतला. आता दर सुगीला शेवटची गाडी निघायच्या आत तो शेतात हजर असायचा. पेंढी क्षणभरही उभी राहू द्यायचा नाही. घंटा वाजायची. दोन-चार परगावच्या बायका यायच्या, खाली मान घालून वेचायच्या आणि निघून जायच्या. बिअरचं पिंप तसंच्या तसं घरी परतायचं.

गरिबांच्या त्या घरात केझाया अंथरुणाला लागल्याचं कळलं तेव्हा कापणी नुकतीच आटोपली होती. तो काठी टेकत चालत निघाला. वाटेत त्यानं एकच गोष्ट घोकली होती. माफी नको मागायला, माफी तिनं दिली तरी ती साहेबाला दिल्यासारखी देईल. फक्त एकदा पूर्वीसारखी हाक मार म्हणायचं. तेवढं ती नाही म्हणणार नाही.

डॉर्कस उशाशी बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि उठली नाही. "ओळखत नाही त्या कुणाला," म्हणाली. "सकाळपासून शेतातलंच बोलतायत."

ऑर्टननं उंबऱ्यात पाऊल उचललं. पलंगावरची म्हातारी एकदम मान वर करून त्याच्याकडे बघायला लागली. डोळे लख्ख होते.

"थांब जर्व्ही!" ती ओरडली, लहानपणीच्या त्याच दरडावणीच्या सुरात. "पेंढी उभी आहे, दिसत नाही?"

त्याचं पाऊल उचललेलं तसंच राहिलं. मग त्यानं ते मागे घेतलं.

"या आत साहेब," डॉर्कस म्हणाली. "भ्रमातलं आहे ते. काय मनावर घेता?"

"नको," ऑर्टन म्हणाला. "थांबतो मी."

तो उंबऱ्याबाहेर काठीवर भार टाकून उभा राहिला. कुणी खुर्ची आणून दिली, तर बसला नाही. आतून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. कुणाला तरी ती सांगत होती, येतील, शब्द दिलाय त्यांनी, येतील. दुपार टळली तशी तिची कुजबुज बंद झाली. डॉर्कसनं चादर तिच्या तोंडावर ओढली आणि दाराकडे आली.

"गेल्या," ती म्हणाली. "आता या आत."

तो आत गेला नाही.